नोकरीची रांग आणि जात

बेकारीविषयी आपल्याकडे बहुधा संख्येच्या भाषेत बोलले जाते. जागा इतक्या, अर्ज इतके, उरलेले घरी. हा हिशेब खोटा नाही, पण अर्धा आहे. जागा थोड्या आणि माणसे फार असली की काहीजण बाहेर राहणार, एवढेच त्यातून समजते. बाहेर कोण राहणार, आणि आत गेलेल्यांपैकी कोणाच्या हाती फाईल येणार व कोणाच्या हाती झाडू, हे त्यातून समजत नाही. दलित विद्यार्थ्याला आणि कार्यकर्त्याला तर नेमके हेच समजून घ्यायचे असते. गेल्या पन्नास वर्षांत अर्थशास्त्रात या प्रश्नावर बरेच संशोधन झाले आहे. ते इंग्रजी नियतकालिकांत पडून आहे. आपल्या मुलांपर्यंत ते पोचत नाही. पोचलेच तर परीक्षेतील पाच गुणांची टीप म्हणून पोचते. म्हणून हा लेखनप्रपंच.

वर्गात आम्ही जे शिकवतो ते थोडक्यात असे. मजूर वाढले की मजुरी उतरते, मजुरी उतरली की मालकाला जास्त माणसे ठेवणे परवडते, आणि अशा रीतीने बेकारी आपोआप ओसरते. भाव पाडून जसा माल खपवता येतो तसेच श्रमही खपवता येतात, हे यामागचे गृहीत. खारघरच्या नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या कोणत्याही बिगाऱ्याला विचारा, तो सांगेल की असे होत नाही. दिवसाचा दर ठरलेला असतो. मुकादम येतो, नजर फिरवतो, पाचजणांना टेम्पोत बसवतो. उरलेले थोडा वेळ थांबतात आणि डबा तसाच घेऊन घरी परततात. मी निम्म्या दरात येतो असे कोणी म्हटले तरी त्याला घेतीलच असे नाही. उलट याच्यात काहीतरी खोट असावी, अशी शंका मुकादमाला येते.

अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ लेस्टर थुरो यांनी १९७० च्या दशकात मांडलेला सिद्धान्त या नाक्यावरच्या अनुभवाच्या जवळचा आहे. त्यांचे म्हणणे असे, की मजुरी माणसाला चिकटलेली नसते, ती जागेला चिकटलेली असते. कारकुनाच्या जागेला कारकुनाचा पगार, शिपायाच्या जागेला शिपायाचा. स्पर्धा होते ती पगार कमी करून घेण्याची नव्हे, जागा मिळवण्याची. एका बाजूला जागांची उतरंड असते, दुसऱ्या बाजूला माणसांची रांग. रांगेच्या तोंडाशी असलेल्याला वरची जागा मिळते, मधल्याला मधली, शेपटाला उरलेली किंवा काहीच नाही. आता ही रांग लावतो कोण? मालक लावतो. आणि कशावरून लावतो? उमेदवार काम कसे करील हे त्याला आधी माहीत नसते, कारण बहुतेक काम माणूस कामावर आल्यावरच शिकतो. तेव्हा कोणाला शिकवणे स्वस्त पडेल याचा तो अंदाज बांधतो; आणि अंदाज बांधायला त्याच्याजवळ असते काय, तर पदवी, भाषा, पेहराव, पत्ता, ओळखीचा शब्द, आडनाव.

या शेवटच्या शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. थुरोंच्या देशात रांगेत मागे ढकलणारी गोष्ट कातडीचा रंग होती. आपल्याकडे तो रंग अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेला असतो.

या सिद्धान्तातून आणखी एक गोष्ट निघते, ती आपल्या घरांना फार जिव्हाळ्याची आहे. रांगेत पुढे सरकण्यासाठी शिक्षण घ्यायचे, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. पण सगळेच शिकू लागले की रांग तशीच राहते, फक्त तिचा उंबरठा वर जातो. जिथे दहावी पुरत होती तिथे बारावी लागते, मग पदवी, मग पदवीवर संगणकाचा कोर्स. काम तेच असते. रोनाल्ड डोर या समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली यालाच पदवीचा रोग म्हटले. याचा अर्थ शिकू नये असा कोणी काढील तर तो मूर्खपणा होईल. बाकीचे शिकत असताना जो शिकत नाही तो रांगेतूनच बाहेर फेकला जातो. मात्र ज्या घरात पहिली पदवी आली, त्या घराला ती पदवी नेमकी तेव्हा मिळते जेव्हा बाजारात तिचा भाव उतरलेला असतो. आमच्या वडिलांनी खारघरच्या इमारतींवर विटा वाहिल्या आणि मला पदवीधर केले. माझ्या पदवीच्या बळावर मिळणारी नोकरी, त्यांच्या वयाच्या एखाद्या सवर्ण माणसाने अकरावीवर मिळवली होती.

या पार्श्वभूमीवर सरकारी आकडे वाचावेत. श्रमशक्तीच्या नियतकालिक पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरील लोकांत बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के होते. हा आकडा ऐकून विद्यार्थी हसतात. पण त्याच देशात २०२२ साली पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के होती, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालात आहे. निरक्षर जास्त सुखी आहेत काय? नाही. त्यांना बेकार राहणे परवडत नाही, एवढाच याचा अर्थ. जो मिळेल त्या कामावर जातो तो पाहणीत रोजगारात मोजला जातो. आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एक तास काम केलेलाही बेकार ठरत नाही. बी.ए. झालेला आपला मुलगा दोन वर्षे परीक्षेची तयारी करतो तेव्हा बेकार असतो, आणि कंटाळून एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारेकरी झाला की सरकारच्या दृष्टीने त्याचा प्रश्न सुटलेला असतो.

जात आणि बेकारी यांचा संबंध आपल्याला परदेशी पंडितांकडून शिकण्याची गरज नव्हती. १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात तो मांडला होता. जात ही श्रमाची विभागणी आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले, की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. धंदे बदलत राहतात. एक बुडतो, दुसरा वर येतो. माणसाला एकातून दुसऱ्यात जाण्याची मोकळीक नसेल तर बुडणाऱ्या धंद्याबरोबर तोही बुडणार. म्हणून जात हेच बेकारीचे एक थेट कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे पुस्तकी विधान नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि स्पृश्य विणकरांना ते विटाळाचे वाटे. विणकाम खात्यात मजुरी जास्त, म्हणून तिथे विटाळ. कमी पगाराच्या खात्यांत तो आड येत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे धसास लावला. कामगारांच्या एकजुटीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला होता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, हे गिरण्यांचे दिवस गेले. आज कंपन्यांना गुणवत्ता हवी असते, आडनाव कोण विचारतो? या प्रश्नाचे उत्तर मतांनी देता येत नाही, ते प्रयोगाने द्यावे लागते. तसा प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी केला. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. अर्जांतील शिक्षण आणि अनुभव सारखे; फरक फक्त नावाचा. एक नाव ऐकताच उच्चवर्णीय हिंदू वाटावे, दुसरे दलित, तिसरे मुसलमान. जात कोठेही लिहिलेली नव्हती. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांश, मुसलमान नावाला एक-तृतीयांश. ध्यानात घ्या, ही फक्त पहिली पायरी आहे. मुलाखत अजून व्हायची आहे, उच्चार अजून ऐकायचा आहे.

या संशोधनाला विरोधी वाटेल असाही एक प्रयोग आहे, तो लपवण्याचे कारण नाही. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात ३७१ जागांसाठी ३,१६० बनावट अर्ज पाठवले; तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना जातीवरून भेदभाव आढळला नाही. मुसलमान नावांबाबतही आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र इतर मागासवर्गीयांबाबत स्पष्ट आणि अनुसूचित जातींबाबत त्याहून कमी प्रमाणात फरक दिसला. मला हा निष्कर्ष पहिल्याच्या विरोधी वाटत नाही, पूरक वाटतो. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिता येतो की नाही हे कागदावर तपासता येते. फोनवर गिऱ्हाईकाशी ‘चांगले’ बोलता येते की नाही, हे ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. जिथे कौशल्य मोजता येते तिथे नावाला कमी जागा उरते. जिथे ‘व्यक्तिमत्त्व’ पाहिले जाते तिथे जात मागच्या दाराने येते.

ते मागचे दार कसे उघडते हे कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी दाखवले आहे. त्यांनी दिल्ली भागातील २५ कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी चर्चा केली. सगळे गुणवत्तेची भाषा बोलत होते. आणि त्याच दमात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे त्यांना अगदी योग्य वाटत होते. वडील काय करतात, भावंडे काय करतात, कुठल्या गावचे. मलाही एका खाजगी संस्थेत मुलाखतीच्या वेळी पूर्ण नाव दोनदा विचारले गेले होते, आणि नंतर ‘गावाकडे शेती किती?’ असे. अर्थशास्त्राच्या पदाशी माझ्या नसलेल्या शेतीचा संबंध काय, हे मला आजवर उमगलेले नाही. संशोधनाची भाषा असो की आपली, प्रश्न एकच विचारलेला असतो.

भेदभाव करणारा मालक स्वतःचेच नुकसान करतो, म्हणून खुल्या स्पर्धेत तो टिकणार नाही, असा एक जुना युक्तिवाद आहे. १९५७ साली गॅरी बेकर यांच्या पुस्तकापासून तो चालत आला आहे. युक्तिवाद गोड आहे. पण नोकरी मुळात खुल्या बाजारात मिळते कुठे? गिरणीत ती जॉबरच्या हातून मिळत असे, आणि जॉबर आपल्या गावच्या, आपल्या भाऊबंदांना आत घेई. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादरच्या शाळांतील मराठी कुटुंबांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. खालच्या मानलेल्या जातींतील मुलगे मराठी माध्यमात जात राहिले, कारण कामगारांच्या नोकऱ्या मिळवून देणारे जातीचे जाळे त्यांच्यासाठी होते. १९९० नंतर इंग्रजीवाल्या कारकुनी नोकऱ्यांचा मोबदला भराभर वाढला तरी मुलगे त्याच वाटेने गेले. मुली मात्र वेगाने इंग्रजी शाळांकडे वळल्या. त्यांच्यासाठी असे जाळे कधी नव्हतेच, म्हणून त्यांना सोडण्यासारखे काही नव्हते. आधार हाच खोडा कसा होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्याच संपल्या. जाळे उरले, पण ते ज्या नोकऱ्यांशी जोडलेले होते त्या नोकऱ्या गेल्या.

खारघरला तर ते जुने जाळेही नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली, ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि भातखाचरांच्या जागी मनोरे उभे राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी आगरी-कोळी समाज दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढला. १९८४ च्या जानेवारीत जासई भागात पोलिसांच्या गोळ्यांनी पाचजण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या रक्तातून आली. ते आंदोलन न्याय्य होते. पण मोबदला संपादित जमिनीच्या प्रमाणात होता, आणि सातबारावर ज्याचे नाव मोठे त्याचा वाटाही मोठा. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा दलित किंवा कातकरी यांचा रोजगार त्याच जमिनीबरोबर गेला. त्याचे माप कोणत्या उताऱ्यावर असणार? ‘स्थानिकांना नोकऱ्या’ ही मागणी करताना स्थानिक कोणाला म्हणायचे, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथल्या कामांची रांगही आता लागली आहे.

या नव्या शहरात आमची माणसे कुठे आहेत? बायका चार-चार घरची धुणीभांडी करतात, पुरुष कचऱ्याच्या गाडीवर, गटारावर, पहाऱ्यावर आहेत. पोरे पाठीला पेटी बांधून जिन्यांवरून जेवण पोचवतात. बार्बरा बर्गमन या अर्थतज्ज्ञ स्त्रीने १९७० च्या दशकात गर्दीचा सिद्धान्त मांडला. एखाद्या समूहाला बहुतेक धंद्यांची दारे बंद केली, की तो उरलेल्या दोन-चार धंद्यांत दाटतो. तिथे माणसे वाढतात म्हणून मजुरी पडते. मग बाहेरचा म्हणतो, या कामाची किंमतच कमी. प्रत्यक्षात काम हलके नसते. त्यात कोंबलेल्या माणसांना दुसरीकडे जायला वाट नसते. सफाईच्या कामात रांगेच्या तोंडाशी आम्हालाच उभे केले जाते, तिथे कोणी गुणवत्तेचा मुद्दा काढत नाही.

उरली सरकारी नोकरी. राखीव जागांनी काय केले? रांग लावण्याचा मालकाचा अधिकार काही अंशी काढून घेतला आणि तिथे नियम बसवला. तलाठी भरतीला २०२३ साली ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले; शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. पोलिस भरतीला २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर. यावर शहाणे लोक म्हणतात, ही पोरे वेडी झाली आहेत. कुणाल मंगल यांनी पुण्यात स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या १४७ उमेदवारांचा अभ्यास केला. हे उमेदवार किती काळ आणि किती कमाई सोडून बसतात यावरून त्यांनी हिशेब काढला, की सरकारी नोकरीचे जे मोल ते धरतात त्यातले निदान दोन-तृतीयांश पगाराबाहेरचे आहे. ते काय आहे, हे आपल्या मुलांना विचारायला नको. उद्या काढून टाकणार नाहीत, अपमान झाला तर तक्रारीला जागा आहे, कायदा आहे. सवर्ण मुलासाठी ती सोय आहे, आमच्यासाठी ती ढाल आहे. त्याच संशोधकाने तामिळनाडूत २००१ ते २००६ या काळातील भरतीबंदीचा परिणाम तपासला. जागा आटल्या तेव्हा तरुण दुसरीकडे वळले नाहीत. उलट आणखी वर्षे तयारीत घालवत राहिले. पुढे त्यांच्या कमाईवरही त्याचा परिणाम राहिला. थांबण्याची ही वर्षे कोणाला परवडतात? ज्याच्या घरी दुसरी कमाई आहे त्याला. गुण समान असले तरी पाचव्या प्रयत्नापर्यंत टिकणारा आणि दुसऱ्या प्रयत्नाला गळणारा यांच्यात बुद्धीचे अंतर नसते.

आणि नियम जिवंत ठेवून जागाच नियमाबाहेर नेण्याची युक्ती आता सर्वत्र चालली आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याची सोय केली होती. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. पण जिथे निर्णय रद्द झाला तिथेही कंत्राट थांबलेले नाही. कंत्राटदाराचा माणूस सरकारच्या इमारतीत सरकारचेच काम करतो आणि बिंदुनामावलीत मात्र दिसत नाही. महाविद्यालयांत हेच तासिका तत्त्वाच्या नावाने चालते. शिक्षक म्हणून वर्गात उभा, पगारपत्रकात नाही. विद्यापीठात विभाग हा एकक धरला की लहान विभागांत राखीव बिंदू येतच नाही. २०१७ च्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर हे घडले आणि २०१९ साली संसदेला कायदा करून ते दुरुस्त करावे लागले. कोणीही आरक्षण रद्द केले नव्हते. फक्त मोजायची पद्धत बदलली होती. अनुसूचित जातींत वर्गवारीला सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ ला मान्यता दिल्यापासून आपल्यात जो वाद पेटला आहे, त्यातही दोन्ही बाजूंनी आधी हे पाहावे की वाटायला जागा किती उरल्या आहेत. मागे राहिलेल्या जातींचा दावा मला खरा वाटतो. पण आटणाऱ्या विहिरीवर पोहऱ्यांचे भांडण लावून देणारे काठावर उभे आहेत, तेही दिसते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४५ साली सेवायोजन कार्यालये सुरू झाली. नोकरीची बातमी ओळखीच्या कानात न राहता फलकावर यावी, हा त्यातला आशय. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक कामगारांच्या खाजगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणे बंधनकारक केले. तिथूनच माणूस घेणे मात्र बंधनकारक केले नाही. पळवाट कायद्यातच होती. म्हणून बातमी मिळवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, खारघर तिच्यात आहे. माहिती अधिकाराच्या अर्जात मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रवर्गनिहाय अनुशेष किती एवढेच विचारून थांबू नये. कंत्राटदारामार्फत किती माणसे कोणत्या कामावर आहेत, प्रत्येकाला हातात किती पडतात, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, आणि बिंदुनामावली शेवटची केव्हा तपासली गेली, हेही विचारावे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.